दबक्या पावलांचा गद्यकार : सेर्गेई अक्साकोव

भारतीय काव्यपरंपरा आपल्या उगमाची जी कथा सांगते तिच्यात एक पाणपक्षी मरतो. तमसेच्या तीरावर क्रौंचमिथुनातील नर निषादाच्या बाणाने कोसळतो, मादीचा आक्रोश ऋषीच्या कानी पडतो आणि शोकाचा श्लोक होतो. या कथेत ऋषी बोलतो, पुढे ब्रह्मदेव बोलतो. निषाद मात्र एक अक्षरही उच्चारीत नाही. तो त्या तीरापर्यंत कोणत्या वाटेने आला, किती वेळ दबा धरून राहिला, ज्या पक्ष्यावर त्याने शर सोडला त्याच्याविषयी त्याला काय काय ठाऊक होते, हे विचारण्याची गरज परंपरेला भासली नाही. शाप घेऊन तो कथेबाहेर जातो आणि काव्य ऋषीकडे राहते.

एकोणिसाव्या शतकातील रशियन गद्यात मात्र हा निषाद स्वतःच लिहावयास बसलेला दिसतो. सेर्गेई तिमोफेयेविच अक्साकोव हे त्याचे नाव. रशियन वाङ्मयाच्या इतिहासात तो मुख्यतः ‘कौटुंबिक बखर’ आणि ‘नातू बाग्रोवची बालवर्षे’ या दोन आत्मचरित्रपर ग्रंथांचा कर्ता म्हणून ओळखला जातो. परंतु ही कीर्ती त्याला वयाच्या पासष्टीच्या सुमारास लाभली. त्यापूर्वी तो नाट्यसमीक्षक होता, अनुवादक होता, सरकारी अधिकारी होता, आणि या साऱ्याहून अधिक निष्ठेने तो पाणथळीतला शिकारी होता. त्याच्या थोर गद्याची घडण पहिल्या तीन व्यवसायांत झाली नाही. ती चौथ्यात झाली, असे प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे.

अक्साकोवचा जन्म १ ऑक्टोबर १७९१ रोजी (जुन्या रशियन पंचांगाप्रमाणे २० सप्टेंबर) उफा येथे झाला. त्याचे आजोबा सिंबिर्स्क प्रांतातील जुनी मिळकत सोडून पूर्वेकडे, बोल्शोय बुगुरुस्लान नदीच्या काठी वसाहत करण्यास आले होते. उरल पर्वताच्या अलीकडचा हा प्रदेश त्या काळी रशियन साम्राज्याची सरहद्द होता. अफाट गवताळ माळ, त्यातून संथ वाहणाऱ्या नद्या, वसंतात बर्फ वितळले की कोसच्या कोस पसरणारे पुराचे पाणी आणि त्या पाण्यावर दक्षिणेकडून परतणारे बदकांचे, हंसांचे, पाणलाव्यांचे थवे, हे त्याच्या बालपणाचे दृश्य. वडील तिमोफेय स्तेपानोविच यांना शिकारीचा आणि गळाने मासे धरण्याचा छंद होता. आई मारिया निकोलायेव्हना ही शहरात वाढलेली, सुशिक्षित आणि मानी स्त्री. तिला हे छंद मुळीच रुचत नसत. हळव्या, आजारी मुलाचा जीव या दोघांच्या ओढाताणीत वाढला. पुस्तक आईकडून आले, नदी वडिलांकडून आली, आणि पुढे आयुष्यभर या दोन वारशांत त्याला समेट घडवावा लागला.

दहाव्या वर्षाच्या आसपास त्याला कझानच्या विद्यालयात ठेवण्यात आले. घराच्या आठवणीने त्याला झटके येऊ लागले, तेव्हा आईने झगडून त्याला परत नेले. पुढल्या खेपेस मात्र तो तेथे रमला. १८०५ मध्ये कझान विद्यापीठ सुरू झाले तेव्हा पहिल्याच तुकडीत त्याचा समावेश झाला. येथे त्याला फुलपाखरे जमविण्याचे वेड लागले. आयुष्याच्या अगदी शेवटी, १८५८ मध्ये, या वेडाविषयी त्याने एक लेख लिहिला. जमविणे, निरखणे, एका जातीपासून दुसरी जात वेगळी ओळखणे ही सवय त्याला तेव्हाच जडली असली पाहिजे. १८०७ मध्ये त्याने विद्यापीठ सोडले आणि पुढील वर्षांत तो पीटर्सबर्गला कायदेविषयक आयोगात नोकरीस लागला.

राजधानीत त्याचा परिचय त्या काळच्या वृद्ध, प्रतिष्ठित साहित्यिकांशी झाला. अॅडमिरल शिश्कोव हा जुन्या स्लाव्ह शब्दसंपत्तीचा कैवारी त्याचा आश्रयदाता होता. महाकवी देर्झाविनला तो त्याच्याच कविता वाचून दाखवीत असे. अक्साकोवचे वाचन नाटकी आणि प्रभावी होते. या मंडळींच्या छायेत त्याने जे लेखन केले ते फ्रेंच अभिजाततावादाच्या साच्यातले होते. मोलिएर आणि ब्वालो यांच्या कृतींचे अनुवाद त्याने केले, रंगभूमीवर टीकालेख लिहिले. हे सारे नीटनेटके होते आणि आज ते केवळ अभ्यासकाला ठाऊक आहे. भाषा उसनी, विषय उसने, आवेशही उसना. वाङ्मयात मुरलेला, उत्तम कान असलेला मनुष्य वर्षानुवर्षे लिहितो आणि तरीही त्याला स्वतःचा आवाज सापडत नाही, हे दृश्य आपल्याही एकोणिसाव्या शतकाला अपरिचित नाही.

१८१६ मध्ये त्याचा ओल्गा झाप्लातिना हिच्याशी विवाह झाला आणि तो पुन्हा पूर्वेकडे गेला. प्रथम पित्याच्या मिळकतीवर आणि १८२१ पासून १८२६ पर्यंत नादेझिनो या गावी तो राहिला. शेतीची व्यवस्था त्याला कधीच साधली नाही. शिकार मात्र ऋतुमागून ऋतू चालली. चरित्रकारांना ही दहा वर्षे रिकामी वाटण्याचा संभव आहे, कारण या काळात त्याच्या हातून नाव घेण्याजोगे फारसे लेखन झाले नाही. माझ्या मते त्याच्या वाङ्मयीन जीवनातील हीच निर्णायक वर्षे होत.

पाणपक्ष्यांची पायी शिकार ही काय वस्तू आहे, हे येथे थोड्या तपशिलाने पाहिले पाहिजे. अक्साकोवच्या काळची बंदूक ठासणीची होती. त्याच्या तारुण्यात चकमकीची, पुढे टोपीची. नळीत प्रथम दारू ओतायची, तीवर बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि हे सारे गजाने ठासायचे. एक वा दोन बार झाले की पुन्हा बंदूक भरेपर्यंत थवा क्षितिजापलीकडे गेलेला असे. छऱ्यांचा भरवशाचा पल्लाही पन्नास पावलांच्या आसपास संपे. म्हणजे नेम हा या कलेचा शेवटचा आणि सर्वांत लहान भाग होता. त्याआधीचे सारे कौशल्य अंतर कमी करण्याचे होते.

हे अंतर कमी करणे सोपे नव्हते. बदकाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असतात, त्यामुळे मान न वळवताही त्याला जवळजवळ सभोवार दिसते. सरळ चालून येणारा मनुष्य त्याला शत्रू वाटतो. तिरका चालणारा, दुसऱ्याच कुठल्या कामासाठी निघालेला वाटणारा मनुष्य तो पुष्कळदा सहन करतो. म्हणून शिकारी वळसा घेत, पक्ष्याकडे न पाहिल्यासारखे करीत जवळ जातो. लव्हाळ्यांचा आडोसा, काठाचा उंचवटा, झुडपाची सावली यांचा तो उपयोग करतो. पक्षी चोच पाण्यात घालून चरत असतात तेवढ्या अवधीत दोन पावले टाकायची आणि एक जरी मान वर आली तरी जागच्या जागी थिजायचे. पाऊल चिखलातून काढताना होणारा आवाज पाऊल टाकतानाच्या आवाजाहून मोठा असतो, हे प्रत्येक दलदलीतला शिकारी जाणतो. हंसकुळातील जंगली गूज तर चरताना पहारेकरी ठेवतात. शिवाय पाणथळीत टिटवी असते. तिने एकदा ओरड केली की घटकाभराचे सारे श्रम फुकट जातात.

अशा शिकारीत शिकाऱ्याला स्वतःचे अस्तित्व पुसून टाकावे लागते. पक्ष्याच्या दृष्टीने जग कसे दिसते, त्याला केव्हा भय वाटते आणि केव्हा ते विसरते, हे त्याने अंगी बाणवले पाहिजे. या शिस्तीत दीर्घ काळ काढलेल्या माणसाला वर्णनातली अतिशयोक्ती नकोशी वाटू लागते, कारण चुकीचा तपशील म्हणजे उडून गेलेले सावज. अक्साकोवच्या गद्यात विशेषणे थोडी आणि क्रियापदे नेमकी आहेत. तो वस्तूवर थेट झडप घालीत नाही. तिच्याभोवती फिरत, तिला न उठवता, जवळ जातो. अनुवादित नाटकांच्या टेबलावर त्याला जे शिकता आले नाही ते नादेझिनोच्या पाणथळीने शिकविले.

येथे एका भेदाकडे लक्ष वेधले पाहिजे. शिकार या एकाच शब्दाखाली आपण फार भिन्न कृती एकत्र करतो. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीच्या दिवशी भरतपूरच्या केवलादेव घनामध्ये ४,२७३ पक्षी पडले. तेथील शिलालेखात तो आकडा आजही वाचता येतो. आडोशामागे उभ्या असलेल्या बंदुका, त्यांवर उठवलेले थवे आणि संध्याकाळची मोजदाद, या व्यवस्थेत पक्ष्याला ओळखण्याची गरजच उरत नाही. तेथे दरबार असतो आणि आकडा असतो. एकटा, पायी, गुडघाभर पाण्यात चालणारा मनुष्य निर्दोष असतो असे नव्हे. पण जे मारतो ते त्याला पूर्णपणे ठाऊक असते, आणि त्या ज्ञानाची जबाबदारीही त्याच्यावरच येते.

१८२६ मध्ये कुटुंब मॉस्कोला स्थायिक झाले. पुढील वर्षी अक्साकोव सरकारी अभ्यवेक्षक, म्हणजे पुस्तके तपासून संमती देणारा अधिकारी, झाला. १८३२ मध्ये पोलिसांच्या पहारेकऱ्यांची थट्टा करणारे एक काव्य त्याने संमत केले म्हणून त्याला या पदावरून दूर करण्यात आले. त्यानंतर १८३८ पर्यंत त्याने भूमापन शिकविणाऱ्या शासकीय संस्थेत काम केले. १८३४ मध्ये ‘बुरान’ हा हिमवादळावरील एक छोटा लेख त्याने निनावी प्रसिद्ध केला. माळावरचे वादळ कसे उठते, आकाशाचा रंग कसा बदलतो, घोडी कशी वागतात, एवढेच त्यात आहे. परंतु लेखकाचा स्वतःचा आवाज येथे प्रथम ऐकू येतो. पुश्किनच्या ‘कप्तानाची मुलगी’ या १८३६ च्या कादंबरीतील हिमवादळाशी समीक्षकांनी या लेखाचे नाते जोडले आहे.

१८३२ मध्ये गोगोलशी झालेला परिचय त्याच्या आयुष्यातील मोठी घटना ठरली. हा स्नेह सरळ नव्हता; गोगोलच्या धार्मिक वळणाने अक्साकोव व्यथित झाला, कधी रागावला. तरीही आठवणी लिहून काढण्याचा आग्रह गोगोलने सोडला नाही. १८४३ मध्ये मॉस्कोपासून सुमारे साठ किलोमीटरवर व्होर्या नदीकाठी आब्राम्त्सेवो ही मिळकत अक्साकोवने विकत घेतली. हे घर मॉस्कोच्या साहित्यिकांचे विसाव्याचे स्थान बनले. थोरला मुलगा कोन्स्तांतीन आणि धाकटा इव्हान हे स्लाव्हवादी विचारांचे अग्रणी होते. त्यांच्या वादविवादांनी घर गाजत असे. वडील मात्र बहुधा नदीवर गळ टाकून बसलेले असत.

या सुमारास त्याची दृष्टी क्षीण होऊ लागली. १८४० च्या दशकाच्या मध्यास एक डोळा जवळजवळ निकामी झाला आणि दुसराही दुबळा झाला. बंदूक खाली ठेवावी लागली. ज्या माणसाचे सारे ज्ञान डोळ्यांतून आले होते त्याने डोळे जाऊ लागल्यावर लेखन आरंभिले, तेही पुष्कळदा तोंडी सांगून. मुलगी व्हेरा लिहून घेई. १८४७ मध्ये मासेमारीवरील टिपणांचा ग्रंथ निघाला आणि १८५२ मध्ये ‘ओरेनबुर्ग प्रांतातील बंदूकधारी शिकाऱ्याची टिपणे’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९९८ मध्ये इंग्रजीत आलेल्या अनुवादाच्या शीर्षकात या लेखकाला प्रांतातला पाणपक्ष्यांचा शिकारी म्हटले आहे, ते सार्थ आहे.

ग्रंथाची रचना शास्त्रग्रंथासारखी आहे. प्रथम बंदूक, दारू, छर्रे, बोळे आणि शिकारी कुत्रा यांची चर्चा. नंतर दलदलीतले, पाण्यातले, माळावरचे आणि वनातले पक्षी असे चार विभाग. प्रत्येक विभागाच्या आरंभी त्या त्या भूमीचे किंवा पाण्याचे वर्णन येते आणि मग एकेका जातीचे चरित्र. भारतीय वाचकाला येथे बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ आठवल्याखेरीज राहणार नाही. कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या त्या संस्कृत ग्रंथातही मृगया आणि मत्स्यविनोद यांची पद्धतशीर वर्णने आहेत. पण तेथे छंद राजाचा आहे, ज्ञान त्याच्या पदरीच्या लोकांचे आहे आणि सूर विधानाचा आहे. अक्साकोवने वर्गीकरणाचा तोच सांगाडा घेतला आणि त्यात एका व्यक्तीची स्मृती भरली. आपण निसर्गशास्त्रज्ञ नाही, जे पाहिले तेवढेच सांगतो, अशी त्याची भूमिका होती. या भूमिकेमुळेच पाणलाव्याचे नागमोडी उड्डाण, बदकांच्या जोड्यांचे वसंतातले वर्तन, पिसे गळण्याच्या दिवसांत उडता न येणाऱ्या बदकांचे लव्हाळ्यांतले लपणे या गोष्टी त्याच्या पानांवर घडताना दिसतात.

त्यातच एक जागा अशी आहे की जेथे क्रौंचकथेची आठवण तीव्र होते. घरट्याजवळ कुत्रा आला म्हणजे बदकाची मादी जखमी झाल्याचे सोंग करते, पंख फडफडवीत, धडपडत, कुत्र्याला पिलांपासून दूर नेते. अक्साकोव हे वर्णन कौतुकाने करतो. त्यातील मातृत्व तो ओळखतो. तरीही पुढल्या ऋतूत तो बंदूक घेऊन निघतो. त्याने या विसंगतीचे समर्थन केले नाही आणि पश्चात्तापाचे प्रदर्शनही मांडले नाही. वाल्मीकीच्या कथेत करुणा आणि बाण दोन माणसांत वाटले गेले आहेत. येथे ते एकाच माणसात आहेत आणि वाचकाला त्याची निवाडा करून सुटका करता येत नाही.

ग्रंथ लवकर खपला आणि १८५३ मध्ये दुसरी आवृत्ती निघाली. अक्साकोवचे पक्षी आणि मासे आपल्या स्त्रीपुरुषांहून अधिक जिवंत आहेत असे गोगोलने म्हटल्याची आठवण सांगितली जाते. ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, १८५२ मध्ये, गोगोल वारला. आणि त्याच वर्षी तुर्गेन्येवची ‘शिकाऱ्याची टिपणे’ पुस्तकरूपाने आली. तुर्गेन्येव स्वतः जातिवंत शिकारी होता. ‘सोव्ह्रेमेन्निक’ मासिकातून त्याने अक्साकोवच्या ग्रंथाचे मनःपूर्वक स्वागत केले. नावे जवळजवळ सारखी असली तरी दोन्ही पुस्तकांचे सावज वेगळे आहे. तुर्गेन्येवचा शिकारी पाणलाव्याच्या मागे निघतो आणि भूदासांच्या झोपडीत पोचतो. बंदूक हे त्याला खेड्यात शिरण्याचे निमित्त असते. अक्साकोवचा शिकारी पाणलाव्याच्या मागे निघतो आणि पाणलाव्यापर्यंत पोचतो.

या एकाग्रतेची एक किंमतही आहे. दहा दहा वर्षे पाणथळीत हिंडण्याची फुरसत अक्साकोवला भूदासांच्या श्रमांनी दिली होती, आणि ज्या माळांवर त्याची शिकार चालली ते मूळचे बश्किरांचे होते. भूदासपद्धती रद्द झाली ती १८६१ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. पक्ष्यांच्या पुस्तकात ही माणसे जवळजवळ दिसत नाहीत. मात्र पक्षी कमी होत चालल्याची, जंगले तोडली जात असल्याची खंत तेथे स्पष्ट आहे. वसाहत वाढली तशी पाणथळ ओस पडत गेली, हे त्याने एका आयुष्यात पाहिले होते. आणि त्या वसाहतीचा आरंभ करणाऱ्यांत त्याचे आजोबा होते.

१८५६ च्या ‘कौटुंबिक बखरी’त ही माणसे येतात. पहिल्याच भागात बश्किरांकडून कवडीमोलाने जमिनी कशा घेतल्या जात, याची हकीकत आहे. पुढे भूदासांचा अमानुष छळ करणारा एक नातेवाईक येतो. आणि या सर्वांच्या मध्यभागी आजोबा आहेत : न्यायी, कष्टाळू, आणि संतापले की घरातल्या स्त्रियांना मारहाण करणारे. अक्साकोव त्यांच्याजवळ त्याच चालीने जातो ज्या चालीने तो थव्याजवळ जाई. तो त्यांच्यावर आरोप ठेवीत नाही, त्यांची वकिलीही करीत नाही. त्यांना बुजू न देता इतक्या जवळ जातो की त्यांचा सबंध स्वभाव नजरेच्या टप्प्यात येतो. या वेळी हातात बंदूक नाही, एवढाच फरक. नातलगांच्या नाराजीमुळे अक्साकोव घराण्याला बाग्रोव हे नाव देण्यात आले. १८५८ मध्ये ‘नातू बाग्रोवची बालवर्षे’ निघाले आणि त्याच्या अखेरीस ‘तांबडे फूल’ ही घरच्या कारभारणीच्या तोंडून ऐकलेली परीकथा जोडलेली होती. रशियन मुले आजही ती वाचतात.

१२ मे १८५९ रोजी (जुन्या पंचांगाप्रमाणे ३० एप्रिल) मॉस्को येथे अक्साकोवचा मृत्यू झाला. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचे गद्य हा बंद झालेला दप्तर मानला जातो, आणि पक्ष्यांच्या हिताच्या दृष्टीने कायदा योग्यच आहे. परंतु पारधी, कोळी, फासेपारधी यांच्याजवळ पाणथळीचे जे पिढ्यानपिढ्यांचे ज्ञान होते ते आपल्या वाङ्मयात उतरले नाही, कारण क्रौंचवधाच्या दिवसापासून आपण निषादाला केवळ शाप ऐकणारा म्हणून उभे केले. अक्साकोवला लेखणी मिळाली, कारण तो जमीनदार होता. आपल्या निषादाजवळ ती नव्हती. तुलनात्मक अभ्यासाने या फरकाची नोंद घेतली पाहिजे आणि भारतीय भाषांतील मौखिक सामग्रीत तमसेच्या दुसऱ्या काठाची, त्या अबोल माणसाची, बाजू कोठे जपली गेली आहे का, याचा शोध अजूनही घेता येण्याजोगा आहे.